रंगारी बाई आणि माइक

रंगारी बाईंच्या समोर कुणी माइक आणून उभा केला की त्या तो उलट्या हाताने बाजूला सारायच्या. रागाने नाही. ताटाशी आलेलं मांजर आपण बोलता बोलता, न बघता ढकलतो ना, तसं. मग पदर कमरेला खोचायच्या, हनुवटी जराशी वर करायच्या आणि म्हणायच्या, "मुलांनो, सावधान!" शाळेच्या फाटकाबाहेर ऑटोवाले उभे असत. त्यांच्यातला एकजण सावधान झालेला मी स्वतः पाहिला आहे.

नागपुरात सक्करदऱ्यातल्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि प्रार्थना घ्यायच्या. तसे संगीताचे सर शाळेत होते, पण त्यांची पेटी कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली त्यांच्या घरी. त्यामुळे प्रार्थना, समूहगीत, पंधरा ऑगस्ट, स्नेहसंमेलन, सगळं बाईंच्या गळ्यात. बाई ठेंगण्या, सावळ्या, कायम पांढऱ्या सुती साडीत. आठवीतली मुलं त्यांच्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकायची. एवढ्याशा देहातून एवढा आवाज येतो कुठून, हा आम्हाला पडलेला पहिला वैज्ञानिक प्रश्न होता. बाईंकडे त्याचं उत्तर तयार असे. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून त्या दीक्षेला गेल्या होत्या. "एवढी माणसं पाहून मी रडाले लागली. बाप म्हणे, सारं मैदान एकीकडं अन् तुहं रडणं एकीकडं. तवापासून जो गळा सुटला तो सुटलाच."

माइक न घेण्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत बोललं जायचं. बाईंना गर्व आहे, असा एकूण निकाल होता. गर्व कशाचा हे कुणी विचारत नसे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने एकदा धीर करून विचारलं, तेव्हा बाई फळा पुसता पुसता म्हणाल्या, "ज्याले ऐकाचं आहे तो ऐकते. ज्याले नाही ऐकाचं, त्याच्या कानात भोंगा घातला तरी काय फरक पडते?" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. वर्गात पुस्तकी मराठी आणि जरा मनातलं बोलायचं झालं की नागपुरी, अशी त्यांची सरळ विभागणी होती.

एका सव्वीस जानेवारीला शिक्षण खात्यातले कुणी मोठे साहेब झेंड्याला आले होते. भाषण सुरू झालं आणि वीज गेली. साहेबांचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाई साहेबांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि ते हळू आवाजात जे बोलतील ते वाक्यावाक्याने मैदानाला सांगू लागल्या. साहेब म्हणाले, विद्यार्थी हे देशाचं भविष्य आहेत. बाईंनी ते सांगितलं. साहेब म्हणाले, शाळेच्या अडचणींची आम्हाला कल्पना आहे. बाईंनी सांगितलं, "साहेब म्हणतात, मागच्या वर्गांना पंखे नाहीत हे आम्हाला माहीत आहे आणि या उन्हाळ्याच्या आत आम्ही ते देऊ." सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तेही टाळ्या वाजवू लागले. पंखे खरोखर आले. पहिला मुख्याध्यापकांच्या खोलीत लागला आणि संगीताच्या सरांनी त्या पंख्याखाली बसून बाईंना चारचौघांत शिस्तीवर चार शब्द ऐकवले.

दरवर्षी शाळेचा फोटो निघायचा. पुढच्या रांगेत खुर्च्या, त्यावर मुख्याध्यापक आणि शिक्षक. खुर्ची नेहमी एखादी कमी पडायची आणि ती नेहमी बाईंचीच असायची. फोटोवाला कॅमेऱ्यातून बघत म्हणे, "मॅडम, जरा मागे सरका." बाई सरकायच्या. शेवटच्या रांगेत मुलांमध्ये उभ्या राहून म्हणायच्या, "माहा नंबर मांगंच. मी उंच आहे ना!" आम्ही पोटभर हसायचो. ते फोटो अजून माझ्याकडे आहेत. त्यांत बाईंचं कपाळ आणि भांग तेवढा दिसतो. आम्ही कशाला हसत होतो ते मला मिशा पिकायला लागल्यावर कळलं.

समूहगीताच्या स्पर्धेत त्यांच्या मुलींनी ढाल जिंकली तेव्हाही तसंच. ढाल घ्यायला संगीताचे सर पुढे. आयोजकांपैकी एकाने हाताने बाईंना खूण केली, जरा मागे, फोटो आहे. बाई मागे सरकल्या आणि तिथूनच मुलींना ओरडल्या, "पोट्ट्या हो, माना खाली काहून? ढाल तुमची आहे!" सभागृहात तेवढंच एक वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

मग शाळा सुटली, बाई निवृत्त झाल्या. मी मिहानमधल्या एका कंपनीत लागलो. नवीन लोकांना काम शिकवणाऱ्या व्हिडिओंना आवाज देणं हे माझं काम. महामारीत ते घरून करायची पाळी आली आणि मी मागच्या खोलीचा स्टुडिओ केला. स्टुडिओ म्हणजे काय, तर लग्नकार्याला पाहुण्यांसाठी जमवलेल्या गाद्या आणि रजया ठेवायची ती खोली. टेबल टाकलं आणि इंटरनेटवर सगळ्यांत स्वस्त दिसला तो माइक मागवला. चांगल्या चपलेच्या भावात आला. एक मित्र, ज्याचा खरा स्टुडिओ आहे, तो माइकची ती डबी बघून म्हणाला, "खेळण्यात टाक." मीही फार आशा धरली नव्हती. कूलर बंद केला, दोन वाक्यं बोललो, हेडफोन लावून ऐकलं आणि खुर्चीत ताठ बसलो. आवाज स्वच्छ, भरदार, जवळचा. माझाच आवाज मला पहिल्यांदा बरा वाटला. त्या आनंदात मी बायकोला, आईला, दूधवाल्यालाही ऐकवलं. फुकटात काहीतरी मोठं हाती लागल्याचा आनंद नागपूरच्या माणसाला लपवता येत नाही.

त्या खुशीत मी मुलांसाठी गोष्टी वाचून इंटरनेटवर टाकू लागलो. एका एप्रिलच्या दुपारी बाई दारात हजर. दोन गल्ल्या सोडून राहत होत्या. घाम पुसत म्हणाल्या, "काय गा बाबू, माही नात तुह्या गोष्टी ऐकते. हे काय कुजबुजून राहिला तू? घरात कोणी झोपलं आहे का?"

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. माइक दाखवला. याच्यापुढे ओरडावं लागत नाही, हा स्वस्तातला आहे पण कमाल आहे, वगैरे माझं कौतुक सुरू झालं. बाई उंबरठ्यावरच थांबल्या. आत येईनात. त्यांची नजर त्या डबीवर होती आणि उजवा हात थोडा उचललेला. एवढ्या लांबून सारण्यासारखं काही नव्हतं, पण हाताला सवय होती.

मी म्हटलं, "बाई, एखादं गाणं म्हणा ना. बघू तर."

"माहा आवाज माइकचा नाही," बाई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"माहीत आहे मले."

"मग तिथूनच म्हणा. दारातूनच. माइककडे बघू नका."

त्यांनी बघितलं नाही. गाद्यांच्या ढिगाकडे तोंड केलं, पदर खोचला. कूलर मी बंद केला होता, खोली तापली होती. बाईंनी गाणं सुरू केलं.

"माझ्या मायच्या लुगड्याची निळी चिंधी,
झेंड्याच्या काठीले बांधली गं…"

हे गाणं नागपुरात सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या रस्त्याने चाललात तर दर दोन दुकानांनंतर वाजत असतं, एका प्रसिद्ध बाईंच्या गोड आवाजात. मीही लहानपणापासून तेच ऐकत आलो होतो. रंगारी बाईंच्या तोंडून ते वेगळंच निघालं. त्यात गोडवा नव्हता. फाडलेल्या लुगड्याचा आवाज होता त्यात, आणि ते फाडणाऱ्या बाईचा अभिमान. त्या थांबल्या तसं झालेलं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावलं. मी त्यांना हेडफोन दिला.

सत्तरीला टेकलेल्या बाईंना स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना मी पाहिलं. आधी त्या घाबरल्या. मग म्हणाल्या, "हे मी हो?" मग, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. त्या हसल्या. हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला आणि दारातच खाली बसल्या. "अजून एक डाव लाव, बाबू." इतक्या खुशीत मी त्यांना ढाल जिंकली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

चौथ्यांदा ऐकताना त्यांचं हसू थांबलं. हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "त्या कॅसेटवाल्या साहेबाचा माइक तर परदेशातला होता. मखमलीच्या पेटीत ठेवे तो. त्याच्यानं नाही जमलं ते या डबीनं कसं जमलं गा?"

"किमतीचं काही नसतं बाई," मी माझी हुशारी सांगू लागलो. "तुमचा आवाज मोठा. माइकच्या तोंडाशी उभं राहिलात तर कुठल्याही माइकवर तो फाटून खरखरणारच, परदेशी असो की देशी. तुम्ही तिथं लांब दारात होतात, समोर गाद्या होत्या, म्हणून तो नीट बसला. एवढंच. दोन पावलं मागे सरकायचा प्रश्न आहे."

बाईंनी हेडफोन उंबरठ्यावर ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नवऱ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

लग्नानंतर वस्तीतल्या मंडळात त्या गाणी करायच्या. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या. रात्री चौकात उभं राहून म्हणायच्या, भोंग्याशिवाय, शेवटच्या घरापर्यंत जातील अशी. एका साहेबाने गाणी ऐकून कॅसेट काढायचं ठरवलं. रामदासपेठेत त्याचा स्टुडिओ होता. नवऱ्याने गिरणीतून रजा काढली, बाईंनी नवी साडी नेसली. आत गालिच्यावर खडूने फुली केलेली होती. साहेबाने काचेमागून सांगितलं, फुलीवर उभ्या राहा, हलू नका.

"जल्मात एकडाव मी कोणाचं ऐकलं," बाई म्हणाल्या. "फुलीवर उभी राहिली. माइक नाकासमोर. चौकात म्हणतो तसं म्हटलं. तो म्हणे, फाटून राहिला, पुन्हा. मले वाटलं मीच कमी पडून राहिली. मी अजून जोरात म्हटलं. दोन-तीन डाव झाल्यावर तो बाहेर आला अन् म्हणे, बाई, तुमचा आवाज माइकचा नाही. मग दुसरी बोलावली. तिच्या आधी त्यानं रुमालानं माइक पुसला." मग म्हणाल्या, "सगळ्यांसाठीच पुसत असन."

कॅसेट निघाली तेव्हा त्या दुसऱ्या गाणारीचं नाव मोठ्या अक्षरात होतं. गीतकाराच्या जागी छापलं होतं, पारंपरिक.

"मी जित्ती होती गा तेव्हा. अन् लुगडं माह्या मायचं होतं. तिनं माह्यासमोर फाडलं. ते पारंपरिक कसं होईन?"

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. बाईंनी मला हात करून थांबवलं.

"थांब. तू काय म्हटलं आता? दोन पावलं मांगं?"

"हो."

"एवढंच?"

बाई दाराच्या चौकटीला धरून उठल्या. त्यांचा तो आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा लहान झालेला ऐकला.

"विहिरीवर माह्या मायले मांगं सरक म्हणत. शाळेत मले मांगं सरक म्हटलं. फोटोत मांगं, स्टेजवर मांगं. जल्मभर जो भेटला तो मांगं सरक म्हणत गेला. अन् जिथं म्हणाचं होतं, तिथंच काहून नाही म्हटलं गा कोणी?"

मग त्या म्हणाल्या, "पुसून टाक हे."

मी हात जोडले. म्हटलं, बाई, उलट सगळी गाणी आपण तुमच्या आवाजात करू, तुमचं नाव टाकू, माइक आहे, खोली आहे, मी आहे. बाई म्हणाल्या, "या वयात आवाज असा आहे, तर तवाचा कसा असन? हा ऐकला की मले तो ऐकू येते. मी रोज ऐकू अन् रोज मरू का? पुसून टाक." मी पुसलं. दारातून त्या बघत होत्या. "कचऱ्याच्या डब्यातूनही काढ," त्या म्हणाल्या, "नात म्हणते तिथं राहते ते." तिथूनही काढलं. त्यांना नाही म्हणायची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

त्यानंतर मी कितीदा तरी त्यांच्या घरी गेलो. चहा मिळे, नातीची प्रगती कळे, गाण्याचा विषय काढला की बाई उठून गॅसवरचं काहीतरी हलवायला जात. एका वर्षी जयंतीच्या दिवशी वस्तीत मंडपात तेच गाणं वाजत होतं, त्या दुसऱ्या आवाजात. मी बाईंच्या शेजारी होतो. लोक टाळ्या वाजवत होते, बायका गुणगुणत होत्या. मंडळाचा अध्यक्ष माइक घेऊन आला, "बाई, आपण ज्येष्ठ आहात, दोन शब्द बोला." मला वाटलं, बाई हात उलटा करून तो सारतील. त्यांनी सारला नाही. हातात घेतला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि काही न बोलता अध्यक्षाला परत दिला. मला त्या माणसाचा, मंडपाचा, त्या गोड गळ्याचा आणि रामदासपेठेतल्या त्या साहेबाचा इतका राग आला की मी तिथून निघून गेलो. साहेब कधीच मेला होता. त्याच्या नावाने गाणाऱ्यांना पुरस्कार देतात, आणि शहर ते टाळ्या वाजवून बघतं.

गेल्या हिवाळ्यात बाईंची छाती भरली. दवाखान्यात बरेच दिवस घशात नळी होती. नळी निघाली, बाई वाचल्या, पण आवाज राहिला नाही. भेटायला गेलो तेव्हा त्या बोलत होत्या आणि मला ओठांवरून समजून घ्यावं लागत होतं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, फार अपेक्षा ठेवू नका. मुलाने त्यांना पाटी आणून दिली होती. ती त्यांनी पलंगाखाली सारली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्या आमच्याकडे आल्या. एकट्या, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत. सरळ मागच्या खोलीशी गेल्या आणि दारात त्याच जागी उभ्या राहिल्या. गाद्यांकडे तोंड, पदर कमरेला. मला खुणेने सांगितलं, लाव.

मी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि बटण दाबलं. बाईंनी हनुवटी वर केली. ओठ हलले. "माझ्या मायच्या" एवढं मला कळलं, तेही गाणं पाठ होतं म्हणून. हेडफोनमध्ये रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक स्पष्ट येत होती आणि बाई येत नव्हत्या. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. त्यांच्या श्वासाची खरखर आली, शब्द आले नाहीत. माझी ती स्वस्तातली कमाल डबी तिथे काही करू शकत नव्हती. एकच उपाय होता आणि तो मला माहीत होता.

मी म्हटलं, "बाई, थोडं समोर या."

त्या गायच्या थांबल्या. मी खुर्ची सरकवून माइकजवळ जागा केली. "इथं. अगदी जवळ या, तोंडाशी. मग येईल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, हसू होतं, आणि ते हसू मला अजून सहन होत नाही. त्या काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. मी उठून त्यांच्याजवळ गेलो, कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"आता म्हणतं का गा," त्या म्हणाल्या, "समोर ये म्हणून?"

त्या आत आल्या नाहीत. कमरेचा पदर सोडून त्यांनी खांद्यावर घेतला आणि जिन्याकडे वळल्या. मी हात द्यायला गेलो, तो त्यांनी उलट्या हाताने बाजूला सारला. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत त्या खाली गेल्या. मी वरून बघत होतो. मागच्या खोलीत माइक चालूच राहिला होता.